आम्रकुंजातील शाळा

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर, बोलपूर नावाचे रेल्वे स्थानक आहे. या स्थानकापासून थोड्याच अंतरावर एके काळी तांबड्या मातीचा ओसाड माळ पसरलेला होता. पावसाच्या लोटांनी त्या मातीत जागोजागी घळी पडल्या होत्या. तिकडचे लोक अशा भूमीला 'खोवाई' म्हणतात. या माळावर छातीमची दोन झाडे होती. छातीम म्हणजे मराठीत ज्याला सातवीण किंवा सप्तपर्णी म्हणतात तो वृक्ष. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांना ही एकांत जागा फार आवडली. 1863 साली त्यांनी रायपूरच्या जमीनदारांकडून तेथील वीस बिघे जमीन कायम पट्ट्याने घेतली, चिंतनासाठी एक घर बांधले आणि भोवती झाडे लावली. त्या स्थानाचे नाव शांतिनिकेतन असे पडले.

याच ठिकाणी महर्षींचे पुत्र रवींद्रनाथ यांनी 22 डिसेंबर 1901 रोजी एक लहानशी शाळा उघडली. त्या दिवशी शाळेत विद्यार्थी होते अवघे पाच, आणि त्यांतलाच एक रवींद्रनाथांचा थोरला मुलगा रथींद्र.

ज्या माणसाने ही शाळा काढली, त्याचे स्वतःचे शाळेशी कधी जमले नव्हते. लहानपणी रवींद्रनाथांना एकामागून एक अशा कित्येक शाळांत घातले. परंतु कोणत्याही शाळेत त्यांचे मन रमले नाही. चार भिंती, लाकडी बाके, समोर छडी घेऊन बसलेले मास्तर आणि घोकंपट्टी, हे सारे त्यांना तुरुंगासारखे वाटे. घरी आल्यावर हा मुलगा स्वतः मास्तर होई. व्हरांड्याच्या कठड्याचे लाकडी गज हे त्याचे विद्यार्थी. हातात काठी घेऊन तो त्या मुक्या विद्यार्थ्यांना बेदम मारीत असे. पुढे आपल्या आठवणी लिहिताना रवींद्रनाथांनी हा प्रसंग सांगितला आहे. मुलगा शाळेत विद्या शिको वा न शिको, मास्तरांचा संताप मात्र तो हमखास उचलतो, हे त्यांना त्या गजांनी शिकविले. म्हणून त्यांच्या शाळेत पहिला नियम झाला तो हा की, मुलांच्या अंगावर हात टाकायचा नाही.

शाळा काढणे सोपे होते, चालविणे कठीण. प्रारंभी मुलांकडून शुल्क घेतले जात नसे. पैसा उभा करण्यासाठी रवींद्रनाथांनी पुरी येथील आपले घर विकले. त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी आपले दागिने काढून दिले. शाळेला पुरते एक वर्षही झाले नव्हते, तोच 1902 च्या नोव्हेंबरात मृणालिनीदेवी वारल्या. 1904 साली सतीशचंद्र राय हा तरुण शिक्षक देवीच्या साथीत आश्रमातच मरण पावला. तो स्वतः कवी होता आणि मुलांचा अत्यंत लाडका होता. धाकटा मुलगा शमींद्र याने 1907 साली आश्रमातील सवंगड्यांना जमवून वसंतऋतूचा एक लहानसा उत्सव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस पटकीने तो गेला. शाळेत ऋतूंचे उत्सव मात्र होत राहिले. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांनी मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. आज शांतिनिकेतनचा वसंतोत्सव देशभर प्रसिद्ध आहे; त्याच्या मुळाशी एका लहान मुलाचा खेळ होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आश्रमातील दिवस पहाटे उजाडण्यापूर्वीच सुरू होई. मुलांचा एक मेळा गाणी म्हणत आश्रमभर फिरे आणि त्या स्वरांनी इतर मुले जागी होत. अशा पहाटफेरीला तेथे 'वैतालिक' म्हणतात. उठल्यावर मुलांनी आपापली खोली झाडावी, अंथरूण आवरावे, व्यायाम करावा आणि स्नान करावे, असा क्रम असे. नंतर प्रत्येक मुलगा आपले आसन घेऊन एखाद्या झाडाखाली थोडा वेळ एकटा, निवांत बसे. त्या वेळी त्याने कोणता मंत्र म्हणावा किंवा कोणत्या देवाचे ध्यान करावे, हे कोणी सांगत नसे. गप्प बसावे एवढीच अपेक्षा होती; आणि दहा वर्षांच्या मुलाकडून तेवढीही पुरी होणे सोपे नसते.

मग घंटा होई. वर्गांना भिंती नव्हत्याच. आंब्यांच्या राईला आम्रकुंज हे नाव होते; शाल वृक्षांच्या दुतर्फा रांगांमधील वाट ती शालवीथी, आणि बकुळीच्या झाडांची ती बकुळवीथी. या झाडांखाली शिक्षक बसत आणि त्यांच्यासमोर आठ-दहा मुले अर्धवर्तुळात आपापल्या आसनांवर बसत. एक तास संपला की आसन काखोटीस मारून मुले दुसऱ्या झाडाकडे जात. सावली सरकली तर वर्गही सरके. पहिला पाऊस कोसळू लागला की वर्ग आपोआप मोडे आणि मुले भिजायला माळावर धावत. त्या वेळी त्यांना कोणी अडवीत नसे.

अशा शाळेत अभ्यास तरी काय होणार, अशी शंका पुष्कळांना येई. एका मुख्याध्यापकांनाही ती आली होती. एक मुलगा अभ्यासासाठी झाडावर चढून फांद्यांच्या बेचक्यात बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यांना ती बेशिस्त वाटली. त्यांची समजूत घालताना रवींद्रनाथांनी सांगितले की, झाडाची फांदी आणि बैठकीतील खुर्ची यांतून निवड करण्याची मुभा सुसंस्कृत माणसाला आयुष्यात फक्त बालपणीच मिळते. मोठेपणी तो झाडावर चढला तर लोक हसतील. मग ही एवढी संधी मुलाकडून का हिरावून घ्यावी? मुख्याध्यापकांचे समाधान झाले की नाही, हे रवींद्रनाथांनी सांगितलेले नाही. मुलगा मात्र अभ्यासच करीत होता.

शिक्षकही या शाळेला साजेसे लाभले होते. जगदानंद राय गणित आणि विज्ञान शिकवीत. रात्री दुर्बीण लावून ते मुलांना ग्रह आणि तारे दाखवीत. विज्ञानावर त्यांनी मुलांसाठी सोप्या बंगालीत पुस्तके लिहिली. संस्कृत शिकविणारे हरिचरण बंद्योपाध्याय यांनी 1905 साली बंगाली भाषेचा एक मोठा शब्दकोश रचायला घेतला. त्याचा शेवटचा भाग छापून झाला तेव्हा 1945 साल उजाडले होते. मुले लहानाची मोठी होऊन आश्रमातून बाहेर पडत, नवी मुले येत, आणि हरिचरणबाबू आपल्या टेबलाशी शब्दच वेचीत असलेले दिसत. ज्ञानाचा नाद म्हणजे काय, हे मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. संगीत शिकविण्यासाठी भीमराव शास्त्री हे मराठी गायक तेथे होते. नंदलाल बसू यांच्यासारखे थोर चित्रकार लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढीत. 1930 साली निघालेल्या 'सहज पाठ' या बंगाली वाचनपुस्तकातील चित्रे त्यांचीच आहेत.

मंगळवारी सायंकाळी साहित्यसभा भरे. सभेची सारी मांडणी मुलांची. कोणी स्वतः लिहिलेली गोष्ट वाची, कोणी कविता म्हणे, कोणी गाई. एखादे वाचन आवडले तर टाळ्या वाजविण्याचा प्रघात तेथे नाही. श्रोते 'साधू, साधू' असे म्हणतात. मुलांनी हाताने लिहून आणि चित्रांनी सजवून मासिकेही काढली. आठवड्याची सुटी रविवारी न देता बुधवारी देण्याची प्रथा पडली. त्या दिवशी सकाळी काचेच्या मंदिरात उपासना होई.

या साऱ्यापेक्षा बाहेरच्या लोकांना अधिक नवल वाटे ते मुलांच्या कारभाराचे. मुले ठरावीक मुदतीसाठी आपल्यातूनच नायक निवडीत. कोणी नियम मोडला, भांडण केले किंवा खोटे बोलला, तर त्याचा निवाडा शिक्षक करीत नसत. मुलांची विचारसभा करीत असे. तिने दिलेली शिक्षा भोगावी लागे. परीक्षेच्या वेळी मुलांवर पाळत ठेवण्यासाठी कोणी उभे राहत नसे. प्रश्नपत्रिका घेऊन मुलाने वाटेल तेथे जाऊन बसावे आणि उत्तरे लिहावीत. मुलांच्या शब्दावर शाळेचा विश्वास होता. असा विश्वास टाकल्यावर तो मोडणारा एखादा निघतोच. पण त्या एकासाठी बाकीच्यांवर पहारा बसविणे हे त्या शाळेला मान्य नव्हते.

सरकारला ही शाळा संशयास्पद वाटे. 1911 च्या सुमारास पूर्व बंगाल व आसाम प्रांताच्या सरकारने एक परिपत्रक काढून, सरकारी नोकरांच्या मुलांना ही शाळा योग्य नाही असे कळविले. नोकरीच्या भीतीने कित्येक पालकांनी आपली मुले परत नेली. शाळा टिकली, परंतु निघून गेलेल्या मुलांचे दुःख मागे राहिलेल्यांना झाल्याशिवाय राहिले नसेल.

मात्र आश्रमात सारेच चांगले होते असे समजणे चुकीचे ठरेल. जातिभेद आश्रमाच्या वेशीबाहेर राहिला नव्हता. पहिल्या काही वर्षांत ब्राह्मण मुलांची पंगत निराळी बसे. ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे की नाही, असा प्रश्न 1902 साली निघाला, तेव्हा त्या शिक्षकास ब्राह्मण मुलांनी केवळ नमस्कार करावा, चरणस्पर्श करू नये, असाच कौल खुद्द रवींद्रनाथांनी दिला होता. पुढे त्यांचे विचार पालटले आणि शाळाही पालटली. परंतु स्वयंपाक पगारी आचाऱ्यांनी करावा, भांडी नोकरांनी घासावीत, झाडझूड दुसऱ्या कोणी करावी, ही घडी तशीच होती. कविता करणारी, तारे ओळखणारी, स्वतःचे न्यायालय चालविणारी मुले जेवून उठत आणि उष्टे ताट उचलणारा मात्र दुसराच कोणी असे.

या घडीला धक्का लागला तो 1915 साली. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातून आलेली गांधीजींची मुले व सहकारी तेव्हा शांतिनिकेतनात राहत होते. ही मंडळी स्वतःचे सारे काम स्वतः करीत. 17 फेब्रुवारी रोजी गांधीजी व कस्तुरबा तेथे आले. पण दोनच दिवसांनी पुण्यास गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले आणि ती बातमी कळताच गांधीजी पुण्याकडे निघाले. 6 मार्चला ते परत आले, तेव्हा रवींद्रनाथ आश्रमात होते. शिक्षकांमध्ये त्या वेळी एक मराठी गृहस्थही होते. साताऱ्यास जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच पुढे देशाला माहीत झालेले काकासाहेब. गांधीजींची आणि त्यांची भेट येथेच झाली.

गांधीजी थोड्याच दिवसांत मुलांत आणि शिक्षकांत मिसळून गेले आणि त्यांनी एक सरळ प्रश्न टाकला: आचारी कशाला हवेत? मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून स्वयंपाक केला तर मुलांच्या प्रकृतीकडे शिक्षकांचे लक्ष राहील आणि मुलांना स्वावलंबनाचा धडा प्रत्यक्ष मिळेल. काही शिक्षकांना ही कल्पना मनापासून पटली. एकदोघांनी मान हलविली. मुले एकदम तयार झाली. काही नवे करायचे म्हटले की मुले तयार होतातच, असे खुद्द गांधीजींनीच नंतर लिहिले आहे. रवींद्रनाथांनी, शिक्षकांची संमती असेल तर आपली हरकत नाही, असे सांगितले. मुलांना ते म्हणाले की स्वराज्याची किल्ली या प्रयोगात आहे.

10 मार्च रोजी प्रयोग सुरू झाला. सुमारे सव्वाशे मुले आणि त्यांचे शिक्षक यांचे जेवण करायचे होते. कामांची वाटणी झाली. कोणी भाज्या चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले. काही शिक्षकांनी हाती कुदळी-फावडी घेऊन स्वयंपाकघर आणि त्याचा परिसर स्वच्छ करण्याचे पत्करले. सर्वांत कठीण काम मोठ्या भांड्यांचे. काजळी धरलेली ती अवजड पातेली घासायला पुढे झाले पिअर्सन. विल्यम पिअर्सन हे इंग्लंडातून आलेले शिक्षक. ज्यांच्या देशाचे राज्य या देशावर होते, त्यांतला एक गोरा माणूस हसतमुखाने पातेली घासीत बसला आहे, हे दृश्य मुलांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काही विद्यार्थी शेजारी बसून सतार वाजवीत. स्वयंपाकघरात सतारीचे सूर घुमल्याचा असा प्रसंग शाळांच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

दुसऱ्याच दिवशी गांधीजी ब्रह्मदेशाकडे निघाले. मागे मुले आणि काम उरले. सव्वाशे माणसांचा स्वयंपाक एक दिवस करणे ही मौज असते. रोज करणे हे ओझे होते. नव्याची नवलाई ओसरली. काही जण लवकरच थकले. वर्गांच्या वेळा आणि चुलीच्या वेळा यांचा मेळ बसविणे अवघड गेले. पिअर्सन मात्र थकले नाहीत. ते रोज स्वयंपाकघराच्या आसपास काही ना काही करताना दिसत. काही काळाने प्रयोग बंद पडला आणि आचारी पुन्हा कामावर आले.

प्रयोग फसला असे म्हणणारे तेव्हाही होते. गांधीजींना तसे वाटले नाही. थोडे दिवस का होईना, हे केल्याने संस्थेचे काही बिघडले नाही आणि काही अनुभव शिक्षकांना उपयोगीच पडले असतील, अशा आशयाचे त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

तो अनुभव कोठे उपयोगी पडला, हे पाहण्यास स्वयंपाकघराबाहेर यावे लागते. आश्रमाच्या भोवती संथाळांची खेडी आहेत. मोठी मुले रात्री तेथे जाऊन आणि आश्रमातील नोकरांना एकत्र बसवून वाचन-लेखन शिकवीत. पिअर्सन यांचा जीव या कामात फार गुंतलेला होता. संथाळांच्या एका वस्तीला आजही त्यांचे नाव आहे. ही रीत पुढे टिकली. अर्थशास्त्रातील कार्याबद्दल 1998 साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते अमर्त्य सेन याच शाळेचे विद्यार्थी. शाळकरी वयात तेही मित्रांबरोबर आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन आदिवासी मुलांसाठी रात्रीची शाळा चालवीत असत. परीक्षेतील गुणांना त्यांच्या शाळेत किती कमी महत्त्व होते याची एक गंमत त्यांनी सांगितली आहे. एका मुलीविषयी शिक्षक म्हणाले होते की, तिला गुण चांगले मिळतात खरे, तरी ती बऱ्यापैकी विचार करते.

शरद ऋतूत महालयाच्या दिवशी आनंदमेळा भरतो. मुलेच दुकाने थाटतात, स्वतः केलेले खाद्यपदार्थ आणि वस्तू विकतात. जमलेला पैसा गरजूंच्या मदतीसाठी दिला जातो. पावसाळ्यात झाडे लावण्याचा उत्सव असतो. 1928 च्या जुलैमध्ये रवींद्रनाथांनी त्याचा आरंभ केला. 7 ऑगस्ट 1941 रोजी रवींद्रनाथ गेले. बंगाली पंचांगाप्रमाणे ती श्रावणाची बाविसावी तारीख होती. तेव्हापासून त्या तारखेला आश्रमात रोप लावण्याचा प्रघात पडला. रोप पालखीत ठेवून, गात, वाजत मिरवीत आणतात आणि मग ते मातीत लावतात.

1921 साली या स्थानी विश्वभारती उभी राहिली आणि 1951 साली ती केंद्रीय विद्यापीठ झाली. पाच मुलांची जुनी शाळा तिच्यात सामावली. तिचे नाव 'पाठभवन' असे आहे आणि मुले-मुली तेथे शिकतात. 2023 साली शांतिनिकेतनला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आता रस्ते झाले, गर्दी वाढली, परीक्षांचा धाकही पूर्वीपेक्षा वाढला. तरी वर्ग अजून झाडांखाली भरतात.

दर वर्षी 10 मार्च हा दिवस तेथे 'गांधी पुण्याह' म्हणून पाळतात. त्या दिवशी आचारी, सफाई कामगार आणि नोकर यांना सुटी असते. सकाळी मुले, शिक्षक आणि कर्मचारी खराटे, कुदळी आणि टोपल्या घेऊन बाहेर पडतात; पाने गोळा करतात, गटारे उपसतात, वाटा झाडतात. हातांना सवय नसल्यामुळे कित्येकांच्या तळव्यांना संध्याकाळपर्यंत फोड येतात. दुसऱ्या दिवशी सुटीवर गेलेली माणसे कामावर परत येतात, घंटा होते, आणि मुले आसने काखोटीस मारून आम्रकुंजाकडे निघतात.